झोपेची गोळीही यादीत लिही

प्रिय शुभा,

पित्ताशयाच्या ऑपरेशनची तारीख ठरली, हे मला आशाकडून कळावं? हे भांडण तू घरी आल्यावर निवांत करू. माझं ठीक आहे, गुडघा कुरकुरतो, बाकी काही नाही.

आधी मुद्द्याचं. तू रात्री घेतेस ती गोळी. मागे विषय काढला तेव्हा "वॉर्डातलं ज्ञान वॉर्डात ठेव" म्हणालीस आणि आठवडाभर अबोला धरलास. पुन्हा धर, पण भुलेच्या डॉक्टरांना ती गोळी सांगितल्याशिवाय टेबलावर जाऊ नकोस. रोज घेऊन शरीराला तिची सवय झालेली असते, त्यामुळे भुलेच्या औषधांचा हिशोब बदलू शकतो. ऑपरेशननंतर दुखण्यावर मॉर्फिनसारखं काही दिलं आणि वर तू पर्समधली गोळी चोरून घेतलीस, तर दोन्ही मिळून श्वास मंदावतो. उलट गोळी घरीच राहिली आणि एकदम तुटली, तर दोन-तीन दिवसांत घाम, थरथर, बेचैनी, कधी भ्रम, क्वचित झटकासुद्धा. वॉर्डातल्या कुणाला गोळीची कल्पनाच नसते, मग ताप आहे का, जंतुसंसर्ग आहे का, असा शोध सुरू होतो. म्हणून आता घाबरून आपल्या मनाने बंदही करू नकोस. चिन्मयसमोर बोलायचं नसेल तर भुलेच्या तपासणीला "मला डॉक्टरांशी एकटीने बोलायचंय" एवढं म्हण. रोज कुणी ना कुणी असं म्हणतं, त्यांना नवल वाटणार नाही.

त्याच कागदावर बाकीची औषधं लिही: नाव, किती मिलिग्रॅम, कधी घेतेस, शेवटची कधी घेतलीस. "सकाळची पांढरी गोळी" चालत नाही, पाकिटंच सोबत ने. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची हे हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतील. काही गोळ्या पाच-सात दिवस आधी थांबवतात, काही चालूच ठेवतात. साखरेच्या गोळीचं नाव 'ग्लिफ्लोझिन'ने संपत असेल तर तेही आधीच विचार. ती साधारण तीन-चार दिवस आधी बंद करतात, कारण उपाशीपोटी तिच्यामुळे रक्तात आम्ल साठू शकतं, आणि साखर फारशी वाढलेली नसल्याने ते पटकन लक्षातही येत नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांतही काही त्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात, काही नाहीत. लसणाच्या कॅप्सूलही लिही. "ते काय औषध आहे का" म्हणशील. रक्तस्राव वाढवू शकतात त्या.

उपाशी राहण्याच्या वेळा कागदावर लिहून माग. सर्वसाधारण नियम असा, की जेवण सहा तास आधी, तेलकट असेल तर आठ, आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. दुधाचा चहा जेवणातच धरतात, त्यामुळे पहाटेचा तुझा कप बंद. भुलेत घशाचा ठसका लागत नाही, पोटातलं वर आलं तर थेट फुफ्फुसात उतरतं. चुकून काही प्यायलीस तर सरळ सांगून टाक. ऑपरेशन पुढे गेलेलं परवडतं.

आता बॅग. तुला ओळखते, तीर्थयात्रेला निघाल्यासारखी भरशील आणि चष्म्याचं घर विसरशील. लहान बॅग घे. फाईल सगळ्यांत वर: जुना ईसीजी, सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, ओळखपत्र, विम्याचं कार्ड. पुढून उघडणारे दोन सैल गाउन, कमरेला घट्ट इलॅस्टिकचं काही नको, कारण बेंबीपाशी टाके असतील. न घसरणाऱ्या, मागून पट्टा असलेल्या चपला. चार्जरची वायर लांब, प्लग खाटेपासून दूरच असतो. ओठांना मलम, कानात घालायचे बोळे. दागिने घरी. अंगठी निघत नसेल तर आधीच साबण लावून काढ, बोट सुजलं तर कापावी लागते. नेलपॉलिश पूस, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र त्याने फसू शकतं. हलणारा दात असेल तर भुलेच्या डॉक्टरांना दाखव, नळी घालताना तो पडू शकतो. पोटावरचे केस घरी ब्लेडने काढू नकोस, बारीक कापल्या जागी जंतू शिरतात.

एक छोटी टणक उशी नक्की ने. खोकताना दोन्ही हातांनी पोटावर दाबून धरायची, टाके ओढत नाहीत. गाडीत पट्ट्याखालीही तीच. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात भरलेल्या वायूमुळे उजवा खांदा एक-दोन दिवस दुखतो, घाबरू नकोस, चालत राहा. पण त्याबरोबर छातीत दुखलं किंवा दम लागला तर लगेच बेल वाजव. पडल्या पडल्या पाऊल वर-खाली करत राहायचं, पोटऱ्यांत रक्त गोठू नये म्हणून.

चिन्मयच्या नोकरीचं काय झालं? छताची गळती थांबली का? हे सगळं नंतर सविस्तर लिही.

यादी झाली की तिचा फोटो मला पाठव. झोपेची गोळी त्यात नसेल तर मी फोन करीन, आणि तू उचलेपर्यंत करत राहीन.

तुझीच,
नीलू