बोर्सो चालला, मग चेझारे का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला इटलीतल्या फेरारावरचा लेख आवडला, पण शेवटी एका ओळीत 'मूलबाळ नसल्याने १५९७ साली एस्ते घराणं संपलं' असं फेरारावर राज्य करणाऱ्या घराण्याबद्दल उरकलंय ते बरोबर नाही, राहवलं नाही म्हणून लिहितोय.

फेराराचा पाचवा ड्यूक दुसरा आल्फोन्सो तीन लग्नं करूनही निपुत्रिक गेला हे खरंय. पण त्याने चुलतभाऊ चेझारेला वारस नेमलं होतं ना! अडचण एवढीच की चेझारेचे वडील अनौरस, आणि फेरारा पोपची जहागीर, आणि पायस पाचव्या पोपने १५६७ सालीच फर्मान काढून ठेवलेलं की अनौरसांना अशी जहागीर मिळणार नाही. आठव्या क्लेमेंटने तेच धरून चेझारेला धर्मबहिष्कृत केलं, वर फौज जमवली. जानेवारी १५९८ मधे चेझारे बाडबिस्तरा घेऊन घराण्याच्याच ताब्यातल्या मोडेनाला निघून गेला आणि फेरारा खालसा झालं.

मला खटकतं ते हे, की पहिला ड्यूक बोर्सो स्वतःच अनौरस होता, आणि १४७१ साली त्याला रोममधे ड्यूक केलं ते पोपनेच, दुसऱ्या पॉलने! तेव्हा जन्म आड आला नाही.

मोडेना-रेज्जो मात्र पवित्र रोमन सम्राटाची जहागीर, तिथे पोपचं काही चालेना, त्यामुळे एस्ते तिथे पुढे जवळपास २०० वर्षं, नेपोलियनची फौज १७९६ ला येईपर्यंत राज्य करत होते. मग घराणं संपलं कसं म्हणायचं?

संपलं ते फेराराचं वैभव. पहिल्या आल्फोन्सोने वाड्यातल्या एका खोलीसाठी चित्रकार तिशियनकडून चित्रं काढून घेतली होती, ती १५९८ ला पोपच्या पुतण्याने, कार्डिनल आल्दोब्रांदिनीने, रोमला नेली. त्यातलं मद्यदेव बॅकस आणि त्याची प्रेयसी अरियाडनी यांचं चित्र मी लंडनला नॅशनल गॅलरीत बघितलंय, निळंशार आभाळ, रथाला जुंपलेले दोन चित्ते, आणि रथातून उडी घेणारा बॅकस अजून हवेतच. अर्धा तास तिथून हललो नाही. त्याच खोलीतली आणखी दोन माद्रिदला आहेत, चित्रकार बेलिनीचं एक वॉशिंग्टनला. एका खोलीतली ही चार चित्रं तीन देशांत, फेरारात त्यातलं एकही नाही.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी आणि जमल्यास मोडेनावरही एक लेख द्यावा ही विनंती.

आपला नेहमीचा वाचक,
डोंबिवली