समुद्र उजव्या हाताला ठेवून

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

इंग्लंडच्या नैऋत्य किनाऱ्याने जाणारी साउथ वेस्ट कोस्ट पाथ ही पायवाट चालायला सुरुवात करणार असल्याचे तू फोनवर सांगितलेस, त्या रात्री तुझ्या आईने कपाटातून आमच्या जुन्या वह्या काढल्या आणि आम्ही दोघे उशिरापर्यंत त्या वाचत बसलो. माइनहेडपासून पूल नावाच्या शहराच्या बंदराच्या मुखापर्यंत जाणारी ही वाट 630 मैलांची, म्हणजे 1,014 किलोमीटरांची आहे. सलग चालणारे ती सात-आठ आठवड्यांत संपवतात. आम्हाला, दर वसंतात मिळणाऱ्या एकेका आठवड्याच्या रजेत, चौदा वर्षे लागली. नोकरीमुळे तुलाही तुकड्यातुकड्यांनीच चालावे लागणार आणि त्याची तुला खंत वाटते, असे तुझ्या बोलण्यावरून जाणवले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

खंत करू नकोस. नर्मदेची खंड परिक्रमा करणारे जिथे थांबतात तिथूनच पुढचा खंड उचलतात आणि नदी सतत उजव्या हाताला ठेवतात. त्यांची परिक्रमा कोणी उणी मानत नाही. माइनहेडहून निघालीस तर समुद्रही शेवटपर्यंत तुझ्या उजव्या हाताला राहील, लँड्स एंडपर्यंत उत्तरेचा आणि तिथे वळसा घातल्यावर दक्षिणेचा. ओकफळाचे चिन्ह असलेल्या ज्या खांबाशी टप्पा संपला, त्याच खांबाला पुढच्या वर्षी हात लावून निघायचे, असा आम्ही नेम केला होता. मधल्या काळात कडा ढासळून वाट कधी शेतातून आत वळवलेली असे आणि आमच्या वहीतली खूण समुद्रात गेलेली असे. अशा वेळी सर्वांत जवळच्या खांबापासून आरंभ करायचा, हेही ठरलेले होते. शहरांमागचा कंटाळवाणा रस्ता आणि मोटारतळाच्या कडेने जाणारा भागसुद्धा आम्ही गाळला नाही.

पहिल्या काही दिवसांत तुला या वाटेचा राग येईल. समोरचे टोक अगदी जवळ दिसत असताना ती खाली उतरते, ओढा ओलांडते, पुन्हा उभी चढते आणि लगेच पुढच्या घळीत शिरते. याचे कारण तिच्या जन्मात आहे. चोरटा माल उतरवणाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी किनारारक्षक पायी गस्त घालत, आणि प्रत्येक कपारीत, प्रत्येक लहानशा पुळणीवर डोकावून पाहणे हेच त्यांचे काम असल्यामुळे त्यांची पायवाट कड्याच्या अगदी काठाने पडली. असे तुकडे जोडत जाऊन शेवटचा भाग 1978 साली खुला झाला. साऱ्या वाटेवरचा चढ एकत्र केला तर सुमारे 35,000 मीटर भरतो, म्हणजे एव्हरेस्टच्या उंचीच्या जवळजवळ चौपट, आणि तरीही तिचे सर्वांत उंच ठिकाण, ग्रेट हँगमन, केवळ 318 मीटर उंच आहे. म्हणून टप्पे आखताना मैल मोजण्यापेक्षा नकाशावरच्या समोच्च रेषा मोज. हार्टलँड ते बूड या भागात दऱ्यांमागून दऱ्या येतात. तिथे आमचा एका दिवसाचा हिशेब सपशेल चुकला होता.

टप्प्यांची टोके बस किंवा रेल्वे मिळेल अशीच धर. ललवर्थच्या पुढचा भाग लष्कराच्या गोळीबार सरावाच्या मैदानातून जातो आणि सराव चालू असताना बंद असतो. तो बहुतेक शनिवार-रविवारी खुला राहतो, त्यामुळे त्या आठवड्याची बाकी सगळी आखणी त्या दोन दिवसांभोवती कर. वाटेजवळच टाइनहॅम हे 1943 साली सैन्यासाठी रिकामे केलेले गाव आहे. गावकऱ्यांना परत येऊ दिले गेले नाही.

हॉलसँड्सला मात्र घाई करू नकोस. डेव्हनपोर्टची गोदी वाढवण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या समुद्रातून वाळू-गोटे उपसले गेले, पुळण खचत गेली, आणि 1917 च्या जानेवारीतल्या वादळात कोळ्यांचे ते गाव लाटांनी उद्ध्वस्त केले. माणसे वाचली, घरे गेली. वरून पाहिले की भिंतींचे अवशेष कातळाला चिकटलेले दिसतात. तुझी आई तिथे बराच वेळ काही न बोलता बसली होती, आणि त्या दिवसाच्या पानावर तिने एकही ओळ लिहिलेली नाही.

आता आमच्या राहून गेलेल्या भागाविषयी. प्लिमथच्या पूर्वेला एर्म नावाची नदी समुद्राला मिळते. तिथे पूल नाही, होडीही नाही. पूर्ण ओहोटीच्या आधी एक तास आणि नंतर एक तास, एवढ्याच वेळात मदरकोंबच्या बाजूने वनवेलच्या बाजूला पाण्यातून चालत जाता येते, आणि मोठा पाऊस झाला असेल किंवा समुद्र खवळला असेल तर तेही धोक्याचे असते. आम्ही सकाळी उशिरा निघालो, मी रेंगाळलो, आणि काठावर पोहोचलो तेव्हा भरतीचे पाणी चढू लागले होते. आम्ही टॅक्सीने वळसा घालून पलीकडे गेलो. चूक माझी होती, आणि चौदा वर्षांच्या वाटेत तेवढाच एक तुकडा चालायचा राहिला आहे.

तू तिथला दिवस ओहोटीपासून उलटा मोजत आख. भरती-ओहोटीचे छापील कोष्टक घेच, पण तिथीही पाहा. त्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पूर्ण ओहोटी दुपारी येते आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणीही अधिक मागे हटते. पुढे ती रोज साधारण पन्नास मिनिटांनी उशिरा येत जाते. असा दिवस धरलास तर सकाळभर निवांत चालून तुला वेळेत काठावर पोहोचता येईल.

त्या टप्प्याची तारीख ठरली की आम्हाला कळव. कड्यांचे चढ आता माझ्या गुडघ्यांना झेपत नाहीत, परंतु तेवढे पाणी मी ओलांडू शकेन. आई आणि मी मदरकोंबच्या उतारावर येऊन थांबू. वही आईच्या पिशवीत असेल. तू आलीस की तिघे मिळून पाण्यात उतरू.

तुझे,
बाबा