बातम्या बंद करा म्हणालीस, म्हणून

निफाड, 16 जून 2024

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "अण्णा, बातम्या बघणं बंद करा, तुमचं बीपी वाढतं. मी तर कधीच सोडलंय." आई जवळ होती म्हणून तेव्हा बोललो नाही. पण दोन दिवस ते मनातून जात नाही.

तू नेदरलँड्सला गेलीस ऑगस्टात. नोव्हेंबरात येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी गाझातल्या युद्धावरून इस्रायलच्या विरोधात तांबड्या समुद्रात एक जहाज पळवलं. मी ते आकाशवाणीच्या सकाळच्या बातम्यांत ऐकलं आणि फवारणीला निघून गेलो. येमेनशी आपला काय संबंध? जानेवारीत द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या निर्यातदाराचा माणूस बागेत आला तेव्हा संबंध कळला. जहाजं सुएझमधून जाईनात, सगळ्या आफ्रिकेला वळसा. न्हावा शेव्याहून तुमच्या रॉटरडॅमला जायला दहा-बारा दिवस जास्त, भाडं वाढलेलं, आणि ते वाढलेलं भाडं अखेर माझ्या किलोच्या भावातूनच कापलं. मणी एकवेळ टिकतो गं, देठ टिकत नाही. तो वाळून तपकिरी पडला की तिकडचं गिऱ्हाईक पेटीला हात लावत नाही. आई झोपली की मी मोबाइलवर नकाशा मोठा करून तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेली बाब-अल-मंदेबची चिंचोळी पट्टी बघत बसायचो.

अशाच एका रात्री टीव्हीवर गाझातला एक बाप दिसला. पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं लेकरू छातीशी धरून चालला होता. आणि माझ्या डोक्यात काय होतं? कंटेनर. हे युद्ध लवकर थांबावं असं मला वाटत होतं, पण ते माझ्या देठापायी. त्या रात्रीची लाज अजून गेलेली नाही. तिथल्या आरोग्य खात्याच्या आकड्यांप्रमाणे आता 37,000 च्या वर माणसं गेलीत. हे आईलाही सांगितलेलं नाही, तुलाच लिहितोय.

कांद्याचं दुखणं वेगळं. ते आपल्याच सरकारने आणलं. आधी 40 टक्के निर्यात शुल्क, मग टनाला 800 डॉलर किमान निर्यात भाव, आणि 8 डिसेंबरपासून थेट निर्यातबंदी. लासलगावला लिलाव बंद पडले, चांदवडला रास्ता रोको झाला. लिलाव सुरू झाले तेव्हा भाव कोसळलेला. उन्हाळ कांदा असता तर कांदाचाळीत ठेवून वाट बघितली असती. लाल कांदा थांबत नाही, मिळेल त्या भावाला द्यावाच लागतो. मुंबईच्या तुझ्या आत्याला महागाई सोसत नाही हे मला कळतं. पण तिला स्वस्त मिळावा म्हणून दर वेळी आमच्याच खिशात हात घालायचा, हे मला मान्य नाही. ज्या घरच्या बागेचा आणि कांद्याचा हिशोब तू दहावीपासून लिहीत आलीस, त्या घरातल्या पोरीने तरी बातम्या सोडू नयेत.

4 मे रोजी बंदी उठली, 20 तारखेला आपलं लोकसभेचं मतदान झालं. आई आणि मी सकाळीच जाऊन आलो, ऊन फार होतं. आपल्या दिंडोरी मतदारसंघातून केंद्रातल्या राज्यमंत्री पडल्या आणि शाळामास्तर भास्कर भगरे निवडून आले. पारावर सगळे म्हणतात, कांद्याने पाडलं. असेल. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण शुल्क अजून 40 टक्केच आहे, त्यामुळे पेढे काही वाटले नाहीत.

बाकी बरं आहे. पावसाच्या भीतीने चाळीवर नवा कागद टाकला. खरड छाटणीनंतर काडी चांगली निघालीय. गाय गाभण आहे. आईने तुझ्यासाठी कुरडया करून डब्यात भरून ठेवल्यात, कुणी तिकडे येणारं सापडलं की देऊ.

पुढच्या हंगामात तिथल्या दुकानात भारतातली द्राक्षं दिसली तर मणी बघू नकोस, देठाचा फोटो पाठव. आणि गाझातली लढाई थांबल्याचं तुला आधी कळलं, तर रात्री कितीही वाजले असोत, फोन कर.

तुझे,
अण्णा