मराठी मुलांना टीव्हीवर त्यांचा रोजचा अर्धा तास द्या

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलांच्या स्क्रीन टाइमबद्दल तुमच्या पेपरात बरेचदा छापून येतं, किती वेळ बघावं, डोळ्यांचं काय होतं, जेवताना मोबाईल द्यावा की नाही वगैरे. ते सगळं बरोबरच आहे पण मुलं जे बघतात ते कुठल्या भाषेत बघतात आणि त्यांच्यासाठी म्हणून ते कुणी बनवलंय का, हे कुणी विचारतच नाही, म्हणून हे पत्र. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, आता रिटायर आहे. आधी वर्गातली मुलं, मग घरची मुलं आणि आता नातवंडं, सगळी टीव्हीसमोर बसलेली मी जवळून बघितलीयेत.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, तिथला ‘किलबिल’ हा मुलांचा कार्यक्रम मुंबई-पुण्याची मंडळी अजून प्रेमानं आठवतात. आमच्या भागात मात्र किलबिल कधी दिसलंच नाही. आमच्याकडं टीव्ही आला तोच मुळी 84-85 नंतर, गावोगावी छोटे ट्रान्समीटर बसले तेव्हा, आणि त्यावर बहुतेक सगळं दिल्लीचं लागायचं. त्यामुळं आमच्याकडच्या खेड्यातल्या मुलांना मराठी बोलणारा टीव्ही पहिल्यांदा भेटला तो बालचित्रवाणीमुळं. पुण्याची ही सरकारी संस्था 1984 मध्ये सुरू झाली, 5 ते 8 आणि 9 ते 11 अशा दोन वयोगटांसाठी वेगवेगळे कार्यक्रम असायचे आणि ते शाळेच्या वेळात दूरदर्शनवर लागायचे. आमच्या शाळेला सरकारकडून टीव्ही मिळाला होता, लाइट असली की सगळ्या वर्गांची मुलं एकाच खोलीत सतरंजीवर बसायची. फार चकाचक काही नसायचं हो त्यात, एखादा प्रयोग, एखादं गाणं, बाहुल्यांची गोष्ट, पण टीव्हीतली मुलं आपल्यासारखी दिसतात, आपल्यासारखी बोलतात याचं त्या पोरांना केवढं अप्रूप होतं! बघितलेला प्रयोग दुसऱ्या दिवशी कुणीतरी घरून सामान आणून करायचंच आणि नाही जमला तर “बाई, त्यांनी कसं केलं होतं?” म्हणून माझ्या मागं लागायचं.

माझी मुलं वाढली ती रविवार सकाळच्या पिढीत. ‘गोट्या’ ही मालिका होती, ती मराठीत. मग 1993 मध्ये जंगल बुक आलं, जपानी कार्टून पण शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा, ते लागलं की आमच्या गल्लीत एक पोर दिसायचं नाही आणि संपलं की सगळी एकदम बाहेर, कुणी मोगली कुणी बगीरा. 1997 ला शक्तिमान आला. त्याची नक्कल करताना मुलांना इजा झाल्याच्या बातम्या तेव्हा पेपरात यायच्या, आई-बापांना काळजी होती आणि ती खरीच होती, पण एपिसोडच्या शेवटी तोच शक्तिमान मुलांशी बोलायचा, हे करू नका ते चुकीचं आहे, आणि मुलं आमच्यापेक्षा त्याचं जास्त ऐकायची. त्यातलं बरंचसं हिंदीत होतं हे खरं, तरी एक गोष्ट होती की आख्ख्या गल्लीनं एकाच वेळी एकच गोष्ट बघितलेली असायची, त्यामुळं खेळ सुरू करायला कुणाला काही समजावून सांगावं लागत नव्हतं आणि तो खेळ बाहेर, मराठीत चालायचा. आता घरातली दोन भावंडं शेजारी बसून दोन मोबाईलवर दोन वेगळ्या गोष्टी बघतात, एकाची दुसऱ्याला माहीत नसते.

आणि माझा मुख्य मुद्दा हाच आहे. आमची नातवंडं जेवायला मराठी बोलतात, हट्ट मराठीत करतात, रागवलं तर मराठीत रडतात, पण खेळायला बसली की हिंदी सुरू. बाहुलीशी हिंदी, गाड्यांची शर्यत हिंदीत, राक्षसाला धमकी हिंदीत. डोरेमॉन, छोटा भीम, मोटू-पतलू हे सगळं ती हिंदीत बघतात त्यामुळं जादू, भांडण, गंमत, शौर्य यासाठी त्यांच्याकडं मराठी येतच नाही. मला हिंदीचा राग नाही, चार भाषा आल्या तर चांगलंच. पण लहान मूल मनातल्या मनात जे रचतं ते ज्या भाषेत रचतं तीच त्याच्या आत जाऊन बसते, आणि तिथं मराठीला जागाच उरली नाही तर पुढं पाचवीत निबंध लिहायला सांगून काय होणार?

तमिळमध्ये 2007 पासून मुलांचं स्वतंत्र चॅनल आहे, नंतर तेलुगू, कन्नड, मल्याळममध्येही निघाली. मराठीत असं काही रुजलेलं दिसत नाही. काही चॅनलवर मराठी ऑडिओचा पर्याय मिळतो पण ते बहुतेक डबिंगच असतं, त्यात आपली गावं नाहीत, आपले सण नाहीत, पोळा नाही की ऊसतोड नाही. मराठी मुलांना हिंदी कळतंच, मग वेगळा खर्च कशाला, असा चॅनलवाल्यांचा हिशोब दिसतो. त्यांचा धंदा आहे, पण सरकारचं काय? जी बालचित्रवाणी आपल्याकडं होती ती पैशाअभावी रखडत रखडत 2017 मध्ये बंद केली, हजारो कार्यक्रम बनवलेली संस्था, आणि त्यावर म्हणावी तशी ओरडही झाली नाही. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, आजही वाटतं.

मनात आणलं तर जमतं हे कोरोनात दिसलंच की. शाळा बंद होत्या तेव्हा जुलै 2020 मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ सुरू झालं, पहिली ते आठवीची बालभारतीची पुस्तकं धरून, घरातल्या घरात करता येतील असे उपक्रम, मराठीत. मोबाईल परवडत नाही अशा घरातली मुलंसुद्धा ते बघू शकत होती. शाळा उघडल्या आणि तो विषय मागं पडला.

माझं मागणं मोठं नाही. बालचित्रवाणीच्या ज्या टेप चांगल्या राहिल्यात त्या सगळ्या नीट डिजिटल करून कुणालाही फुकट बघता येतील अशा ठेवा आणि त्यातलं किती शिल्लक आहे हे शिक्षण खात्यानं जाहीर सांगावं. दुसरं म्हणजे सह्याद्रीवर रोज संध्याकाळी 6 च्या सुमारास अर्धा तास मुलांसाठी राखून ठेवा, अभ्यासाचा नाही, गोष्टींचा आणि खेळाचा, आणि त्यात नुसती पुण्या-मुंबईची नाही तर मेळघाट, चंदगड, उदगीर, तळोद्याची मुलं त्यांच्या त्यांच्या मराठीत बोलताना दिसू देत. तुमच्या पेपरनं हा विषय लावून धरावा ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका