खुब्याचा काढलेला हाडाचा गोळा फेकून देऊ नका, दान करा

संपादक, सप्रेम नमस्कार.

आमच्या आईचा खुबा बदलला आणि दीड वर्षाने टाक्यांच्या शेजारी तांदळाच्या दाण्याएवढं भोक पडलं, त्यातून पाणी यायचं, जवळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या की सुकायचं, गोळ्या संपल्या की परत परकर ओला, असं सात महिने चाललं. नंतर कळलं की जंतू धातूवर चिकट थर धरून बसतात, तिथे गोळ्यांचं काही चालत नाही, आणि तोवर आजूबाजूचं हाड पोखरत जातं. म्हणून हात जोडून सांगते, खुबा बदललेल्या माणसाची जखम वाहायला लागली तर नुसत्या गोळ्या घेत बसू नका, आधी सांध्यातलं पाणी सुईने काढून कल्चरला, म्हणजे कुठले जंतू आहेत ते तपासायला, पाठवायला सांगा.

शेवटी आईचा तो सांधा काढला, अँटिबायोटिक घातलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा बसवला आणि ६ आठवडे शिरेतून इंजेक्शनं. चाळीत दुसऱ्या मजल्यावर वॉकर धरून संडासापर्यंत जायचं आणि यायचं, बस तेवढंच. दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी सर्जननी एक्सरे दाखवला, खुब्याचा गोळा ज्या हाडाच्या वाटीत बसतो तिच्या जागी नुसता खड्डा होता. तिथे दात्याच्या हाडाचा चुरा ठोकून ठोकून भरला, वर धातूची जाळीदार वाटी, आणि मांडीच्या हाडात लांब दांडा.

हे दात्याचं हाड म्हणजे काय ते आम्हाला तेव्हाच कळलं. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये १९८८ पासून टिश्यू बँक आहे, तिथे हाडं गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ठेवतात. आणि हाड द्यायला मरावंच लागतं असं नाही! खुबा पहिल्यांदा बदलताना मांडीच्या हाडाचा वरचा गोळा, लिंबापेक्षा जरा मोठा, कापून काढतातच. इन्फेक्शन, कॅन्सर नसेल आणि एचआयव्ही, कावीळ वगैरे तपासण्या ठीक आल्या तर तो दान करता येतो. आईचाही काढला होता, आम्हाला कुणी विचारलंच नाही, कचऱ्यातच गेला असणार.

मुंबईत रोज किती खुबे बदलले जात असतील. सगळ्या हॉस्पिटलनी ऑपरेशनच्या फॉर्मबरोबरच ही संमती विचारावी, पेशंटला एकच सही जास्त करायचीय. आमच्या शेजारच्या काकांचं पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे, त्यांनी स्वतःहून डॉक्टरांना विचारलंय, उत्तराची वाट बघतायत.

– एक वाचक, लालबाग, मुंबई