किनाऱ्याची रेषा मला ओढू देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

सॅन फ्रान्सिस्कोच्या बालपणावरचा माझा सचित्र लेख दिवाळी अंकात छापून आला आणि अंक हातात पडताच सर्वांत आधी तुमची आठवण झाली. त्या दुपारी निघताना आभाराचे दोन शब्द बोलायला गेले, तर घशात आवंढा आला. म्हणून आज ते सर्वांसमक्ष लिहिते आहे.

तुमच्यापर्यंत पोहोचण्याआधी मी दोन ठिकाणचे उंबरठे झिजवले होते. एका संग्रहात ‘तुम्ही कोणत्या संस्थेच्या?’ असे तीनदा विचारले गेले आणि कोणत्याच संस्थेची नाही म्हटल्यावर समोरच्या माणसाने मान वर करून पाहिलेही नाही. दुसरीकडे पाच आठवडे ताटकळत ठेवून ‘सगळे संगणकावर आहे, तिथेच बघा’ असे उत्तर मिळाले. संगणकावर ते होते, हे खरेच. पण नकाशा समोर दिसत असूनही तो वाचता येत नसेल, तर माणसाने जायचे कोणाकडे?

तुम्ही जन्मभर जमिनीच्या मोजणीचे काम केलेले आणि निवृत्तीनंतरही नकाशांच्या त्या खोलीत हौसेने येणारे. मराठी नाव ऐकून तुम्ही हसलात आणि ‘नेमके काय बघायचे आहे?’ एवढेच विचारलेत. कॅलिफोर्नियात सोने सापडण्याआधी हे गाव कसे दिसत असेल ते बघायचे आहे, असे मी म्हणाले.

मग तुम्ही १८३९ पासून सुरुवात केलीत. येर्बा बुएना नावाच्या त्या वस्तीची पहिली मोजणी त्या वर्षी व्हिओजे या स्विस गृहस्थाने केली, पण त्याचे रस्ते एकमेकांना नीट काटकोनात छेदत नव्हते. १८४७ मध्ये गावाचे नाव सॅन फ्रान्सिस्को झाले आणि त्याच वर्षी जास्पर ओफॅरेलने ते कोन दुरुस्त करून मार्केट स्ट्रीट तिरका आखला. त्याच्या उत्तरेला पन्नास व्हारांचे भूखंड आणि दक्षिणेला शंभर व्हारांचे. एक व्हारा म्हणजे सुमारे ३३ इंच. मार्केट स्ट्रीटवर दोन्ही बाजूंचे रस्ते एकमेकांना का जुळत नाहीत, हे कोडे मला अकरा वर्षे पडले होते, ते तुम्ही भिंगाखाली पाच मिनिटांत सोडवलेत. पाण्यावर आखलेले भूखंडही तुम्हीच दाखवलेत. समुद्र बुजवण्याआधीच त्याचे तुकडे लिलावात विकले गेले होते.

चित्रांवर किती विश्वास ठेवावा, हेही तुम्ही शिकवलेत. सोन्यापूर्वीचे गाव दाखवणारे ते प्रसिद्ध चित्र १८८४ मध्ये, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनी, आठवणीवरून छापलेले आहे. डागेरोटाइपच्या, म्हणजे अगदी सुरुवातीच्या छायाचित्रांच्या, पत्र्यावर तर डावे-उजवे उलटून येते. एका दुकानाची पाटी उलट वाचायला लावून तुम्ही ते पटवून दिलेत. आणि मिशन, म्हणजे स्पॅनिश धर्मप्रचारकांचे ठाणे, १७७६ मध्ये उभे राहण्याच्या कितीतरी आधीपासून इथे राहणाऱ्या ओलोनी या मूळ रहिवाशांची गावे यांतल्या एकाही कागदावर नाहीत, हे तुम्ही आवाज खाली आणून सांगितलेत. माझ्या लेखाची सुरुवात मी तिथूनच केली.

पण मनात घर करून राहिली आहे ती यानंतरची गोष्ट. १८४७ च्या नकाशाची एक प्रत तुम्ही आजच्या नकाशाच्या प्रमाणात मोठी करून ठेवली होती. तिच्यावर ट्रेसिंग पेपर लावून तुम्ही आजचे रस्ते एकेक करून उतरवलेत आणि किनाऱ्यापाशी येऊन थांबलात. पेन्सिलीला टोक काढलेत, ती माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, ‘किनारा तुम्ही ओढा.’ मी बिचकत रेषा ओढू लागले. माँटगोमेरी स्ट्रीटपाशी ती आत वळली आणि क्ले आणि सॅन्सम यांच्या कोपऱ्याजवळचे माझे कार्यालय पाण्याच्या बाजूला राहिले. त्याच कोपऱ्यावर ‘नायँटिक’ हे जहाज १८४९ मध्ये ओढून आणून गोदाम म्हणून वापरले गेले, १८५१ च्या आगीत ते जळाले आणि १९७८ मध्ये पाया खणताना त्याचा सांगाडा वर आला, हे मी वाचले होते. रोज ज्या फरशीवरून चालते तिच्याखाली खाडी आहे, हे मात्र त्या पेन्सिलीमुळे कळले.

ती रेषा तुम्ही दोन मिनिटांत आणि माझ्याहून कितीतरी सफाईने ओढली असती. जाणत्या माणसाने आपला हात आवरून दुसऱ्याच्या हाती पेन्सिल देणे, आणि तेही गाव-हुद्दा न विचारता, हा चांगुलपणा मला फार मोठा वाटतो. कागद जपणारी माणसे पुष्कळ भेटतात; कागद पाहायला आलेल्या माणसालाही जपणारी फार थोडी.

अंकाची प्रत टपालाने पाठवते आहे. संपादकांनी ती रेषा संगणकावर नीट करून घेऊ असे सुचवले होते, पण मी नको म्हटले. क्ले स्ट्रीटजवळ माझा हात हलला होता, तिथल्या वाकड्या वळणासकट ती छापली आहे.

आपली कृतज्ञ,
त्या दुपारची विद्यार्थिनी