मुंबई-गोवा जलप्रवास : सहभागी सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

जहाज कोणासाठीही थांबत नाही आणि घाटातील वाहतूक आपल्या हातात नाही. म्हणून आपली बस स्वारगेटहून पहाटे 5 वाजता निघेल. आधार कार्डाची मूळ प्रत प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवावी. मोठे सामान बंदरावरच जमा होते आणि खोलीपर्यंत पोचायला काही तास लागू शकतात, त्यामुळे रोजची औषधे, चष्मा व एक कपड्यांचा जोड हातातील पिशवीत असावा. इस्त्री व विजेची किटली नेऊ नये.

सर्वांत कळकळीची विनंती सुरक्षा-कवायतीविषयी, म्हणजे संकटकाळी कुठे जमायचे व काय करायचे याच्या जहाजावरील सरावाविषयी आहे. जानेवारी 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ हे प्रवासी जहाज खडकावर आदळून 32 जणांचा मृत्यू झाला, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक झाले. गुडघे दुखतात म्हणून कोणीही खोलीत बसून राहू नये. आधाराची गरज असल्यास आधी कळवावे, आम्ही सोबत येऊ.

समुद्र लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी आधीच घ्यावी आणि खालच्या मजल्यावरील, जहाजाच्या मध्यभागाची खोली मागावी. मोबाइल ‘फ्लाइट मोड’वर ठेवावा, कारण समुद्रातील रोमिंगचे बिल फार मोठे येते.

जेवणाच्या रांगेत हात धुऊनच उभे राहावे, कारण बंदिस्त जागेत पोटाचे विकार झपाट्याने पसरतात. टॉवेल टाकून खुर्च्या अडवू नयेत. रात्री मार्गिकेत मोठ्याने गप्पा मारू नयेत. तेथील भिंती पातळ असतात.

– सहल समिती, पुणे